अभ्यासिकेचं पाणी कुणीकडे

बोरगव्हाणच्या सार्वजनिक उद्यानात अभ्यासिकेची इमारत बांधायचं ठरलं आणि तिचे नकाशे काढायचं काम सुनीतीकडे आलं. दिग्रसला तिचं आणि मितालीचं मिळून एक छोटं ऑफिस होतं. दोघी अमरावतीला एकाच वर्गात इंजिनिअरिंग शिकलेल्या. खोल्या, खिडक्या, जिना, सगळं एका दमात मान्य झालं. अडलं ते पावसाच्या पाण्यावर.

नगर पंचायतीचे अभियंता यज्ञेश्वर साहेब यांनी नकाशा टेबलावर पसरला आणि इमारतीभोवती पेन्सिल फिरवली.

"मॅडम, गच्चीचं पाणी खाली आलं, अंगणातलं त्याले मिळालं. आता पुढे ते उद्यानाच्या बाहेर कुठून जाते, तेवढं दाखवा. एक बाण काढा. त्याच्याशिवाय यवतमाळवरून तांत्रिक मंजुरी येत नाही."

सुनीतीला हे काम अर्ध्या दिवसाचं वाटलं. लेव्हल मशीन लावून दोघींनी अख्खं उद्यान मोजलं. जमीन जवळजवळ सपाट होती, तरी पूर्वेकडे किंचित उतरत होती. पूर्वेला रस्ता, रस्त्याखाली मोरी आणि पलीकडे नाला. उतार तिकडे, नालाही तिकडे. सुनीतीने पूर्वेकडे बाण काढला.

त्याच संध्याकाळी उद्यानात चकरा मारणारे नानाजी तिच्या हातातल्या नकाशात डोकावत थांबले. कापसाच्या जिनिंगमध्ये उभी हयात गेलेला माणूस. घर नाल्याकाठच्या वस्तीत, म्हणजे बाण होता त्याच बाजूला.

"इकडे कायले पाठवता बाई पाणी? ते तं तिकडे जाते." त्यांनी पश्चिमेकडे हात केला. "शिक्षक कॉलनीत."

"नानाजी, जमीन इकडे उतरते. मी मोजली."

"मोजली असेल. मी पाह्यलं."

सुनीती हसली, पण उत्तर तिला बोचलं. शिक्षक कॉलनीत तिची सख्खी मावशी, विमलताई, राहत होती. विमलताईंचे यजमान शाळेतून निवृत्त झाले होते आणि ते गेल्यावरही त्या त्याच घरात होत्या. सुनीती तशीच मावशीकडे गेली. चहा होईपर्यंत तिने विषय काढला.

"आमच्याकडे पाणी? कधीच नाही," विमलताई म्हणाल्या. मग चहा गाळता गाळता पुढे म्हणाल्या, "एका वर्षी आलतं. पण ते नाल्याचं होतं, उद्यानाचं नाही."

"मावशी, नाला तर उद्यानाच्या पलीकडे आहे. त्याचं पाणी उद्यान ओलांडूनच येणार ना?"

"ते मले काय माहीत बाप्पा. तू इंजिनिअर."

भादव्यात सर आली तेव्हा सुनीती मुद्दाम छत्री घेऊन उद्यानात जाऊन उभी राहिली. पाणी शहाण्यासारखं पूर्वेकडे गेलं, मोरीतून नाल्यात उतरलं. तिला हायसं वाटलं. पुढच्याच आठवड्यात झोडपून पाऊस आला आणि तिच्या डोळ्यांसमोर उलटं झालं. आधी पाणी पूर्वेकडे वाहिलं, मग थबकलं. नाला तुडुंब भरला होता आणि मोरीचं तोंड पाण्याखाली गेलं होतं. बराच वेळ पाणी उद्यानात नुसतं चढत राहिलं आणि मग पश्चिमेच्या फाटकातून सावकाश बाहेर पडू लागलं. तिकडून शिक्षक कॉलनी. त्याच वेळी पूर्वेच्या काठावरूनही थोडं रस्ता ओलांडून वस्तीकडे चाललं होतं. सुनीती मध्ये उभी होती, दोन्हीकडे बघत. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून तिला नक्की सांगता येईना की जास्त पाणी कुणीकडे जातंय.

दुसऱ्या दिवशी ती यज्ञेश्वर साहेबांकडे गेली आणि जे पाहिलं ते सांगितलं.

"बरोबर असेल," ते म्हणाले. "पण दोन बाण चालत नाहीत. पूर्वेकडे काढाल तर नाल्यासाठी पाटबंधारेवाल्यांची ना-हरकत आणा. पश्चिमेकडे काढाल तर रस्तेवाल्यांची. दोन्हीकडे काढाल तर दोघंही विचारतील, नक्की कुठं. मी काय सांगू?"

"साहेब, तुम्ही इथलेच. तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी इथं आल्यापासून पावसात ऑफिसातच असतो. लोकांचे फोन येतात. दोन्हीकडून येतात."

ऑफिसात परतल्यावर सुनीतीने पूर्वेचा बाण खोडला, मग परत काढला. मिताली समोरून बघत होती.

"एक विचारू? तुझी मावशी तिकडे राहत नसती, तर बाण कुणीकडे काढला असतास?"

सुनीतीला राग आला. उतार पूर्वेला होता, हे खरं. मोठ्या पावसात पाणी पश्चिमेला जात होतं, हेही खरं. नाल्याकाठची घरं बसकी होती, त्यांच्या उंबऱ्यांची उंची कॉलनीतल्या घरांच्या निम्मीही नव्हती, हे तिने स्वतः मोजलं होतं. मग पूर्वेचा बाण काढताना आपला हात इतका सहज कसा चालला, हे तिला कळेना. मावशीचं घर डोक्यात होतं की नव्हतं, हे तिला आता आठवूनही सांगता येत नव्हतं.

तिने मधला मार्ग म्हणून शोषखड्डा करून पाहिला. इमारतीच्या जागेजवळ खड्डा खणून त्यात टँकरचं पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी पाणी तिथंच होतं, त्यात आभाळ दिसत होतं. काळी माती एकदा फुगली की पाणी पिईना.

खड्ड्याच्या काठावर उभं असतानाच तिच्या मनात आलं की पाणी जिरत नाही तर न जिरो, थांबतं तर आहे. इमारतीसमोरची हिरवळ गुडघाभर खोल करायची, इमारतीचं जोतं उंच घ्यायचं. झोडपणारा पाऊस आला की पाणी आधी हिरवळीत भरेल, आणि नाला ओसरला की एका बारीक पाइपातून पूर्वेकडे हळूहळू निघून जाईल. हा उपाय योग्य म्हणून सुचला की निर्णय पुढे ढकलायला सुचला, हे तिला नीट सांगता आलं नसतं.

"म्हणजे उद्यानात तळं?" यज्ञेश्वर साहेबांनी विचारलं.

"काही तासांपुरतं."

"अन् तळं भरून वाहिलं तर?"

तोच प्रश्न होता. हिरवळीचा काठ कुठंतरी बाकीच्यापेक्षा खाली ठेवावाच लागणार होता, जिथून जास्तीचं पाणी बाहेर पडेल. सुनीतीने तो पश्चिमेला ठेवला, मावशीच्या बाजूला. नकाशावर कारण लिहिलं: अशा वेळी नाला भरलेला असतो आणि पूर्वेची घरं सखल आहेत. दोन्ही ना-हरकती आणायला हेलपाटे पडले, पण आल्या. यवतमाळहून मंजुरीही आली. मिताली म्हणाली, "आता उलट्या बाजूने तर नाही ना झुकलीस?" सुनीतीने मान हलवली. ती हो होती की नाही, मितालीने विचारलं नाही.

काम सुरू व्हायच्या आधी ती मावशीला सांगायला गेली.

"तू माह्या घराकडे पाणी सोडून राह्यली?" विमलताईंनी शांतपणे विचारलं.

"जास्तीचं. क्वचित येईल. घरात नाही येणार, तुमचा ओटा उंच आहे."

"कॉलनीतले लोक मले विचारतील. तुमच्या भाचीनं केलं म्हणतील. मी त्यायले काय सांगू?"

"सांगा, मोजून केलं."

"तुले तरी पटलं काय?"

सुनीतीने पिशवी उचलली. विमलताईंनी विषय बदलला नाही आणि तिला जेवायलाही थांबवलं नाही.

पुढच्या श्रावणात अभ्यासिका उघडून महिना झाला होता, तेव्हा तसा पाऊस आला. सुनीती दिग्रसहून बसने पोचेपर्यंत हिरवळ भरली होती. अभ्यासिकेतली मुलं उंच ओट्यावर उभी राहून फोटो काढत होती. पाणी चढलं, काठाला लागलं आणि पश्चिमेकडून पातळ चादरीसारखं बाहेर सरकलं. ती त्याच्या मागोमाग कॉलनीत गेली. मावशीच्या फाटकाशी पाणी घोटाभर होतं, ओट्याच्या पहिल्या पायरीपाशी थांबलं होतं. विमलताई दारात उभ्या होत्या.

पाणी ओसरल्यावर ती नाल्याकाठी गेली. नानाजी दारातला गाळ फावड्याने ओढत होते.

"आलं का पाणी?" तिने विचारलं.

"आलं ना."

"पहिल्यापेक्षा कमी?"

नानाजींनी भिंतीवरची ओल बघितली, मग तिच्याकडे बघितलं. "कमी म्हणता येईल. पाऊसही तेवढा नव्हता म्हणतात."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मले वाटते कमी होतं. पण माह्या बायकोले विचाराल तं ती म्हणेल तेवढंच होतं."

आठ-दहा दिवसांनी मावशीचा फोन आला. रविवारी जेवायला ये, म्हणाल्या. पुरण शिजत असताना त्यांनी आपणहून सांगितलं, "पहिलेही एवढंच यायचं पाणी. फाटकापर्यंत."

सुनीतीच्या हातातला पोळपाट तसाच राहिला. "मावशी, मी विचारलं तेव्हा तुम्ही 'कधीच नाही' म्हणालात."

"तवा आठवलं नसेल," विमलताई म्हणाल्या. पुरण ढवळून म्हणाल्या, "किंवा आठवलंही असेल. कॉलनीत पाणी येते असं कोण सांगते? घर विकायची वेळ आली तर?"

सुनीतीने पुरणपोळी लाटायला घेतली. हिरवळीने पाणी अडवलं की पाऊसच कमी होता, आधी इथं किती यायचं आणि आता किती आलं, ते सांगणारं कुणीच उरलं नव्हतं.

दिवाळीनंतर यज्ञेश्वर साहेबांनी तिला पुन्हा बोलावलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला व्यायामशाळा बांधायची होती.

"तिथंही तशीच खोल हिरवळ करा," ते म्हणाले. "लोक समाधानी आहेत."

"कुणी सांगितलं साहेब?"

"यंदा फोन नाही आले." मग म्हणाले, "म्हणजे माझा फोन दोन दिवस बंद होता. पण नंतरही नाही आले."

जागा बघायला पावसात जाऊ, असं सुनीतीने सांगितलं. साहेब म्हणाले, पावसाला अजून सात-आठ महिने आहेत, मंजुरी मार्चच्या आत लागते. तिने पिशवीतून लेव्हल मशीनच्या पेटीच्या किल्ल्या काढल्या आणि आजच जाऊ म्हणाली. पण मशीन लावण्याआधी, ती म्हणाली, जागेच्या दोन्हीकडच्या घरांत थांबून पाणी कुठवर येतं ते विचारून घेऊ.