पुढच्या चाकाची डिस्क

कोपराला टाके घालून सिंधु किनवटच्या दवाखान्यातून घरी आली, तेव्हा तिची सायकल अंगणात नव्हती. चिखलानं बरबटलेली सायकल गोठ्याच्या आढ्याला दोरीनं टांगली होती.

"मीच टांगली," ओसरीवरून हणमंतराव म्हणाले. थोरले दीर, घरात त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नसे. "बस झालं आता. बायामाणसानं घाट उतरायचा म्हंजे खेळ हाय का?"

सिंधु गावची आशाताई, घरोघरी जाऊन बायांच्या औषधपाण्याचं बघणारी. नाल्यापलीकडच्या वस्तीवर जायला जंगलातून एकच वाट, आणि मधे तो लांबलचक उतार. त्या दिवशी पाऊस पडून गेल्यावर काळा चिखल चाकाला असा लपेटला, की ब्रेकचे रबर नुसतेच घसरत राहिले. सिंधु सायकलीसकट नाल्यात गेली.

जेवताना नवरा, बजरंग, हळूच म्हणाला, "मी सोडत जाईन की मोटारसायकलवर."

"आन तुम्ही रानात असताना कुणा बाईच्या पोटात दुखायला लागलं तर? थांब म्हणू का तिला?"

बजरंग भाकरी मोडत राहिला.

"सायकल सोडायची न्हाई," सिंधु म्हणाली. "ब्रेक बदलायचे."

सकाळी ती एका हातानं दोरी सोडू लागली. बजरंग आला, त्यानं सायकल खाली उतरवून दिली आणि ओसरीकडं न बघता रानात निघून गेला.

किनवटच्या दयानंद मिस्त्रीकडं तिनं डिस्क ब्रेक मागितला. त्यानं सायकल उलटी करून पाहिली. "नवं रबर टाकून देतो, ताई. डिस्क कशाला खामखा? ते कॉलेजची पोरं मिरवायला लावतात."

"नवं रबर चिखलात धरंल?"

"चिखलात... न्हाई धरणार."

"आन डिस्क?"

"ती लोखंडी चकती चाकाच्या मधोमध असती. चिखल सहसा तिथवर जात न्हाई. पण ह्या सायकलीला डिस्क बसवायची जागाच न्हाई. पुढचा फोर्क, चाक धरतो तो चिमटा, बदलावा लागंल, चाक बी. मागं तर बसणारच न्हाई."

सिंधु दुकानाच्या पायरीवर बसली. कोपर ठणकत होतं, पण त्याचं तिला काही वाटत नव्हतं. सारखा आठवत होता तो एक क्षण: ब्रेक जीव खाऊन दाबला आणि सायकल तशीच पळत राहिली. ते भ्या अजून गेलं नव्हतं. इतका खटाटोप करून डिस्क बसवली, आणि उतारावर गेल्यावर आपलेच हातपाय गळाले तर? पण घरी बसलं तर हे भ्या जन्मभर सोबतीला राहणार, हेही तिला कळत होतं.

"पुढं तरी बसंल ना?" ती उठली. "बसवा."

"पुढचा एकदम दाबू नका मग, तोंडावर पडाल," दयानंदनं बजावलं. "आधी मागचा, मग पुढचा हळूहळू."

टाके निघाले त्या दिवशी ती सायकल घेऊन निघाली. घाटमाथ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी हणमंतराव उभेच होते.

"खाली गेलीस तर मला विचारून गेलीस असं म्हणू नको."

"विचारलंच न्हाई, भावजी."

सिंधुनं पायडल मारलं. वाट ओली होती. वळणावर एक म्हैस आडवी उभी होती. सिंधुनं आधी मागचा ब्रेक दाबला, मग पुढचा, हळूहळू. डिस्क कुईकुई करत किंचाळली, चाक अडलं आणि सायकल म्हशीच्या अलीकडं थांबली. म्हशीनं मान वळवून पाहिलं. सिंधुला घाम फुटला होता. मग एकटीच खदखदून हसली ती.

खाली वस्ती दिसत होती. पण तिनं सायकल वळवली आणि ढकलत पुन्हा वर नेली.

"आलीस ना परत?" हणमंतराव टपरीवाल्याकडं बघत म्हणाले. "मी म्हणलंच हुतं."

"हाव, आले," दम खात सिंधु म्हणाली. "आणखी एकदा उतरायला. मघाशी लई भ्याले हुते."

आणि ती पुन्हा उतरली. ह्या वेळी म्हैस बाजूला झाली होती, वळण मोकळं होतं, आणि सिंधुला वेग हवा तेवढाच ठेवता आला.

हणमंतराव पुढं कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिनंही त्यांचा रुसवा काढला नाही.

त्या दिवशी वस्तीवर कमलम्मा दारातच बसली होती, सातव्या महिन्याचं पोट सावरत. "पडलीस म्हणत हुते, ताई. वाटलं, आता येत न्हाईस."

"पडले हुते," सिंधु सायकल भिंतीला टेकवत म्हणाली. "रक्तवाढीच्या गोळ्या घेतल्यास का? खरं सांग."