अजून एक पळी

लोण्यावर पावाचा कण होता. तांबूस, एका बाजूने किंचित करपलेला — आणि त्याच्या मागे, लोण्याच्या गुळगुळीत अंगावर, सुरीने ओढलेली लांब रेघ. डब्याच्या झाकणावर लाल चिकटपट्टी होती. लाल म्हणजे तिचं. लाल पट्टीची गाळणी, लाल पट्टीचं पातेलं, फडताळातला सगळ्यात वरचा कप्पा... आजाराला नाव मिळाल्यापासून या घरात लाल रंगाला तेवढा एकच अर्थ उरला होता, आणि तरी कोणीतरी — कोणीतरी कसलं, घरात माणसं दोन — पावाला लावलेली सुरी इथे बुडवली होती.

"हे काय आहे?"

नवरा बुटाच्या नाड्या बांधत होता. त्याने मान वर केली. "कण आहे गं, एवढासा." आणि स्वतःच पुढे होऊन त्याने करंगळीच्या नखाने तो उचलला, पँटला पुसला. "गेला बघ."

गेला! जसा काही तो कण पाहुणा होता, बसला, उठला, गेला. तिने डबा उचलला आणि झाकणासकट कचऱ्याच्या पेटीत आदळला. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा लहान झाला म्हणून तिने पेटीला लाथही घातली.

"सोमवारपासून मी कळवळतेय आणि मी विचारतेय, कशाने झालं, कशाने झालं — हेच ते! रोज सकाळी हेच करत असशील तू."

"रोज नाही. आज चुकलं. मी झोपेत असतो गं सकाळी..."

त्याचा चेहरा खरोखरच ओशाळला होता. सोमवारी ती न्हाणीघराच्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली असताना ह्यानेच तिच्या पाठीवर गरम पाण्याची पिशवी धरली होती, नंतर फरशीही धुतली होती, नाक न मुरडता. वाईट नवऱ्यावर रागावणं किती सोपं असेल! हा चांगला होता, आणि चांगल्या माणसावरचा राग कुठे टेकतच नाही, दिवसभर तसाच हातात धरून फिरावं लागतं.

लॅबमध्ये तिच्या टेबलावर कोणा आजोबांचे प्लास्टरचे दोन्ही जबडे तोंड वासून बसले होते. ती कवळ्या बनवी. स्पिरिटच्या दिव्यावर पाती तापवायची, गुलाबी मेण मऊ करायचं, त्यात एकेक दात रोवायचा, वरचा खालच्याला कसा भेटतो ते पाहायचं... हात आपोआप चालत होते. डोकं मात्र रविवारपासून तोंडात गेलेल्या प्रत्येक गोष्टीची झडती घेत होतं. गोळ्या? ओठांना लावायचं मलम? सकाळी नवऱ्याला सुनावून झालं होतं, पण मनातून तिला पटलं नव्हतं — एका कणाने इतकं होत नाही, इतकं व्हायला जास्त लागतं. मग काय? सीलिअ‍ॅक — म्हणजे गव्हा-बार्लीचा कणही आतड्याला न सोसणं — निघाल्यापासून ती आपल्याच मागे लागलेली पोलीस झाली होती. पोट बिघडलं की गुन्हेगार शोधायचा, आणि तो सापडला नाही की शेवटी आपल्याच मुसक्या बांधायच्या — तूच नीट विचारलं नसशील, तूच धुतलं नसशील.

विचारायचं तरी किती? विचारलं की लोकांच्या डोळ्यांत ते दिसतंच, हिची नाटकं... कळायला लागल्यापासून ती ते पाहत आलेली. तरुणपणी एका डॉक्टरने सांगितलं, मनाला फार लावून घेता. दुसरा म्हणाला, मूल झालं की सगळं ठीक होईल. मूल झालंच नाही, म्हणजे दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं, तेव्हा तिसऱ्याने ताकदीसाठी टॉनिक दिलं, आणि ती ते भक्तिभावाने महिनोन् महिने प्याली, ज्यात बार्लीचा अर्क होता, म्हणजे गव्हाइतकंच विष. माझंच विष मी चमच्याने मोजून घेत होते आणि वर "थँक्यू डॉक्टर" म्हणत होते! चाळिशी उलटल्यावर एका तरुण डॉक्टरणीने तिच्या नखांकडे पाहिलं, पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाली, तुम्हाला इतकी वर्षं कोणीच कसं तपासलं नाही? ती तिथेच रडली होती. आजार कळला म्हणून नाही. कोणीतरी खरं मानलं म्हणून.

मधल्या सुट्टीत केक कापला गेला. सिरॅमिकचे दात भाजणाऱ्या सहकाऱ्याचा — त्याला सगळे भट्टीवाला म्हणत — वाढदिवस होता. त्याने तुकडा थेट तिच्या तोंडापाशी आणला.

"आजच्या दिवस. माझ्यासाठी."

"नको हो."

"नुसतं वरचं क्रीम?"

"दूधही सोसत नाही मला. लोणी तेवढं चालतं, बाकी नाही."

"यांच्याबरोबर जेवायला बसायचं तर वकील जवळ हवा!" तो म्हणाला. सगळे हसले. तीही हसली, सगळ्यांच्या आधी. ते ती शिकली होती. दारापाशी बसणाऱ्या नव्या मुलीने कळवळून विचारलं, "मग मॅडम, तुम्ही खाता तरी काय?"

"माणसं," ती म्हणाली.

यावर कोणी हसलं नाही. तिला बरं वाटलं.

फोन आला तो त्यानंतर थोड्या वेळाने. भाची होती, ताईची मुलगी, कॉलेजातून बोलत होती, मागे गलका होता.

"मावशी, तू बरी आहेस का? काका म्हणाले तू कामावर पण गेली नव्हतीस दोन दिवस."

"आहे आता बरी. का गं?"

"मावशी... मला सांगवत नाहीये. पण मी तेव्हाच बोलायला हवं होतं." मग एका दमात: "रविवारी सूपमध्ये आईने मैदा घातला होता. चुकून नाही. मला म्हणाली, तिला सांगू नकोस, बघू या काही होतं का. मला वाटलं चमचाभराने काय... मावशी? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

"रागावलीस?"

"तुझ्यावर नाही," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला आपला आवाज किती शांत होता याचं आश्चर्य वाटलं.

रविवार... ताईने दारातच सांगितलं होतं, तुझ्यासाठी वेगळं पातेलं काढलंय हो, नवंकोरं. आणि ती, मूर्ख, ते ऐकून स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली होती. ताईने! जी ताई तिच्या आजाराला "तुझं ते फॅड" म्हणायची, तिने नवं पातेलं आणलं! सूप दाट होतं, गरम होतं, वर मिरपूड. किती दिवसांनी कोणाच्या तरी हातचं, न विचारता, न तपासता ती जेवत होती. ती भरभरून बोलली, हसली, लहानपणीच्या नकला केल्या. आणि वाटी पुढे करून म्हणाली, छान झालंय गं, अजून एक पळी वाढ... ताईने वाढलं. वाढताना मेहुण्यांकडे पाहून ताई हसली होती. ते हसू तिला प्रेमाचं वाटलं होतं.

चर्रर् असा आवाज झाला. तापलेली पाती मेणात नको तितकी खोल गेली होती आणि आजोबांचे पुढचे चार दात एका बाजूला कलंडले होते. तिने दिवा विझवला, हात धुतले, पोटात दुखतंय असं सांगितलं — या कारणावर इथे कोणी प्रश्न विचारत नसे, फक्त एकमेकांकडे पाहत — आणि बाहेर पडली.

ती चालतच गेली. रस्त्यावर बेकरी होती, तिच्या दारातून ऊन वास येत होता, आणि तो वास अजूनही चांगला वाटतो याचाही तिला संताप आला. मनात वाक्यं तयार होत होती, धारदार, एकाहून एक... सख्ख्या बहिणीवर प्रयोग केलास. उंदीर समजलीस मला. नाही, उंदरालाही माणूस सांगून विष घालत नाही म्हणा — पण उंदराकडून वर कौतुक तरी करून घेत नाही!

ताईचं कपडे अल्टर करून देण्याचं दुकान म्हणजे एक मशीन, एक आरसा आणि मागे पडदा. ताई कोणाची तरी पँट मांडीवर घेऊन खालची पट्टी मुडपत होती, तोंडात टाचण्या धरलेल्या. तिला पाहून भुवया उंचावून तिने स्टुलाकडे बोट केलं. ती बसली नाही.

"सूपमध्ये मैदा घातलास?"

ताईचे हात थांबले. तिने एकेक टाचणी तोंडातून काढून उशीला टोचली. घाई केली नाही.

"पोरीने सांगितलं वाटतं."

"घातलास का?"

"घातला. दोन चमचे. आणि तू काय केलंस? मागून घेतलंस. हसत होतीस, नकला करत होतीस. मी ह्यांना म्हटलं, पाहा, कळलं नाही तर काही होत नाही हिला."

"सोमवारी पहाटे उठले ती दोन दिवस न्हाणीघरातच होते मी, ताई."

"मग फोन का नाही केलास?"

"केला असता तर काय म्हणाली असतीस?"

 ताईने मशीनवरची बशी उगाच सरकवली. तीत अर्धा कप चहा आणि बिस्किटं होती.

"हे बघ, मी काही तुला मारायला नव्हते निघाले," ती शेवटी म्हणाली. "पण मला आईचं सगळं परत डोळ्यांसमोर नको होतं. तू धाकटी, तुला आठवत नाही. आईचं पोट, आईचं पोट! सहलीला जायचं नाही, पाहुण्यांना बोलवायचं नाही, मी शाळेतून आले की घरभर अंधार आणि आई भिंतीकडे तोंड करून. स्वयंपाक मी करायचे. नऊ वर्षांची होते मी. आणि मोठं झाल्यावर तू तेच सुरू केलंस. म्हटलं, एकदाचं कळू दे तुला की हे मनाचं आहे, म्हणजे सुटशील."

"आई त्याच्यानेच गेली. तिला कोणी तपासलं नाही."

"आई तिच्या स्वभावाने गेली," ताई म्हणाली.

इतकं सोपं वाक्य. ती ओरडणार होती, बशी भिरकावणार होती, हात उठलाही होता — तेवढ्यात ताईने मान तिरकी केली आणि मशीनवरच्या दिव्याचा उजेड थेट तिच्या तोंडावर पडला.

दात. वरचे मधले दोन आणि त्यांच्या शेजारचे दोन. आडव्या पन्हळी, एकावर एक, दोन्ही बाजूंना अगदी सारख्या. कडेला पिवळसर खड्डे. घरच्या माणसांचे दात कोण बघतं? आईचेही असेच होते, हसताना ती पदर ओठांवर घेई. आणि आपले स्वतःचेही; लग्नाआधी तिने ते स्वतःच बनवलेल्या कॅपखाली झाकले आणि विसरून गेली. मागच्या महिन्यात एका दंतवैद्याने एका कॉलेजातल्या मुलीचे ठसे पाठवले होते, त्यांवर अशाच पन्हळी. तो फोनवर म्हणाला होता, कॅप करायची घाई नको, आधी तिचं रक्त तपासायला पाठवलंय. दात असे आले की कधी कधी मूळ दुखणं आतड्यात असतं.

आता ते एकदा दिसल्यावर बाकीचं थांबेना. कागदासारखी पांढरी कातडी. गेल्या वर्षी नुसतं पायरीवरून घसरल्याने मोडलेलं मनगट. "मला मेलं दमायलाच होतं हल्ली." आणि आत्ता, बोलता बोलता, बिस्किट उचलून चहात बुडवणारा एक हात, आणि पोटावर, बरगडीच्या खाली, नकळत दाबून धरलेला दुसरा. डॉक्टरणीने सांगितलं होतं, सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यावं. तिने तेव्हाच ताईला कळवलं होतं. ताई म्हणाली होती, मला नको चिकटवूस तुझं.

"काय बघतेस अशी?" ताईने विचारलं. बिस्किट तोंडात होतं.

सांगावं? आत्ता सांगितलं तर तो शाप वाटेल. सूड वाटेल. ती म्हणेल, बघा, आता मलाही ओढतेय. आणि न सांगावं तर... खाऊ दे. खा. अजून एक घे. बघू या काही होतं का. हे शब्द मनात इतक्या सहज, इतक्या गोड आवाजात उमटले की ती दचकली. तो आवाज तिचा नव्हता, आणि होताही.

"ताई —"

दाराची घंटी वाजली. एक बाई कोट घेऊन आली होती, बाह्या आखूड करायच्या होत्या. ताईने घास गिळला, तोंड पुसलं, चेहऱ्यावर दुकानाचं हसू आणलं, आणि हसताना ओठ मिटलेलेच ठेवले. बाईला आरशासमोर उभं करून ती टाचण्या लावू लागली. खाली वाकताना एकदा मशीनचा आधार घेतला.

निघून जाता आलं असतं. दार उघडंच होतं. ती स्टुलावर बसली. जे सांगायला आली होती त्यातलं एकही वाक्य आता धड आठवत नव्हतं, आणि जे सांगायला हवं होतं ते जिभेवर ठेवून ती त्या बाईच्या जाण्याची वाट पाहत राहिली, ते सांगणार की गिळणार हे स्वतःलाच ठाऊक नसताना. छातीत अजून काहीतरी धडधडत होतं, त्याला ती सवयीने राग समजत होती. पण ताई पुन्हा वाकली, पुन्हा आधारासाठी हात चाचपला, आणि तिच्या लक्षात आलं की आपण घाबरलो आहोत. ताईसाठी. हिच्याचसाठी! आणि या भीतीची तिला इतकी मनस्वी चीड आली की तिने स्टुलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.