तीनची रिंग

"मॅडम, तेवीसला कोणाचं नाव टाकू?" ज्ञानेशनं टेबलाखालून विचारलं. एक्सचेंजच्या डब्यातून निघालेली वायर तो नव्या कॉम्प्युटरला जोडत होता.

"तेवीस म्हणजे स्टोअर. वाल्मीक खैरनार टाक," सुवर्णा विधाते म्हणाली. सातपूरच्या त्या कारखान्यात ती एकोणीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. कोणी कुठे फोन केला आणि किती वेळ बोललं, ते यापुढे हे सॉफ्टवेअर लिहून ठेवणार होतं.

तेवढ्यात वाल्मीकच खिडकीशी आला. "ताई, घरी रिंग द्या ना. ओव्हरटाइम लागलाय."

"बायको वाट बघते का तरी तुझी?"

"वाट नाय बघत, पण भाकरी टाकून बसती. मग मलाच गार खावी लागती."

सुवर्णानं नंबर लावला, तीनदा वाजू दिला आणि ठेवला. तीन रिंगा म्हणजे ओव्हरटाइम. पलीकडच्यानं उचलायचं नाही. निरोप पोचतो आणि कंपनीला भुर्दंडही पडत नाही. निम्म्या कारखान्याच्या घरी हीच पद्धत होती.

ज्ञानेश हात झटकत उभा राहिला. "एवढं चालेल. पण वीस सेकंदांच्या वर वाजू देऊ नका. पलीकडे फोन उचलला की नाही, ते आपल्या लाइनवर कळत नाही. वीस सेकंद झाले की हे उचलला असंच धरतं."

"आणि उचललाच नसला तर?"

"तरी धरतं. लाइनच तशी आहे, मॅडम."

रोज दुपारी तीन वाजता सुवर्णा स्वतःच्या घरी रिंग द्यायची, ती वीस सेकंदांत भागणारी नव्हती.

तिचे यजमान कोंडाजी पंचवटीच्या भाजीमार्केटात लिलाव पुकारायचे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू नेली आणि वाचाही. तेव्हापासून त्यांनी फोनला हात लावला नव्हता. दुपारी ते झोपत. तीन वाजता समोरच्या शोकेसवर फोन वाजायला लागला की हळूहळू जागे होत आणि डाव्या हातानं उशाच्या वाटीतली गोळी घेत. मुलगी मनमाडला दिलेली, शेजारी दिवसभर कामावर. दुसरा झटका झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून फोन आपोआप बंद होईपर्यंत ती वाजू द्यायची. पुढेही तिनं तेच केलं.

महिना संपला आणि प्रशासनाच्या कुलथे साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ज्ञानेश आधीच तिथं बसला होता. टेबलावर सॉफ्टवेअरनं काढलेला तिच्या फोनचा कागद होता.

"विधाते मॅडम, रोज दुपारी तीनला घरी फोन? तोही ऑपरेटरच्या लाइनवरून? बाकीच्यांना मी मेमो देतोय. तुम्हाला सोडलं तर माझ्या तोंडावर बोलतील लोक. तुमच्या घरचा नंबर लॉक करावा लागेल."

"साहेब, तिकडे कोणी उचलत नाही. नुसता वाजतो. त्यांच्या गोळीसाठी."

"सर, असं होऊ शकतं," ज्ञानेश म्हणाला.

"होऊ शकतं, की झालंय?"

ते ज्ञानेशलाही सांगता येण्यासारखं नव्हतं.

कुलथे साहेब वाईट माणूस नव्हते. थोडा विचार करून त्यांनी फोन पुढे सरकवला. "लावा इथूनच. नाही उचलला तर हा कागद मी फाडतो. तीनची रिंग चालू ठेवा खुशाल."

"आत्ता नको, साहेब. ही वेळ नाही. त्यांना वाटेल, मला काही..."

"रिंगच तर द्यायचीय, मॅडम."

तिनं नंबर लावला. साहेबांनी स्पीकर चालू केला. फोन वाजत राहिला. ज्ञानेशची नजर घड्याळावर होती.

"झाले वीस, सर. आता याच्या हिशेबी उचलला."

साहेब हसले. "खुळंच आहे की हे यंत्र!" आणि फोन बंद करायला त्यांनी हात पुढे केला.

वाजणं थांबलं. काहीतरी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला, मग जोरजोरात चाललेला श्वास.

"आ... आँ?"

पलंगापासून शोकेसपर्यंत ते दोन वर्षांत एकटे कधी आले नव्हते. सुवर्णा खुर्चीच्या कडेला सरकली.

"अहो, मी बोलतेय. मला काही झालेलं नाही. ऑफिसातच आहे."

"आँ?" आवाज शेवटाला वर चढला.

"बरी आहे हो मी. काठी कुठाय? पडली का? नका वाकू. शोकेसला धरून तसेच उभे राहा. मी येते."

कुलथे साहेबांनी टेबलावरचा कागद उचलला आणि काय करावं ते न कळून पुन्हा ठेवला. "मॅडम, राहू द्या. आपण हे..."

"नाही, साहेब. हा फोन माझ्या नावावर टाका," पर्स खांद्याला लावत सुवर्णा म्हणाली. "हा उचललाय."

फोन तिनं बंद केला नाही. पंचवटीला पोचायला रिक्षानं अर्धा तास तरी लागणार होता. दाराशी पोचली तेव्हा मागून साहेबांचा आवाज आला. ते फोनवर वाकून बोलत होते.

"काका, त्या निघाल्यात हं. हलू नका तुम्ही."

"आँ?"

साहेबांनी खुर्ची फोनजवळ ओढली आणि पुन्हा तेच सांगितलं.