उरलेली लस

सकाळच्या पाळीत त्या वॉर्डात पाय ठेवायला जागा नसे. पलंग भरलेले, दोन पलंगांच्या मधल्या फरशीवर गाद्या, आणि त्यातून वाट काढत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुली रक्त काढत, सलाइन बदलत, चादरी ओढत धावत असत. शिकाऊ म्हणायचं आणि बैलासारखं राबवून घ्यायचं, ही तिथली जुनी रीत. त्या मुलींत एक होती बारकी. उंचीने ती वर्गात सगळ्यांच्या डोक्यावर निघे, पण घरातलं शेंडेफळ म्हणून पडलेलं नाव कॉलेजपर्यंत चिकटून आलं होतं.

वॉर्डाची प्रमुख म्हणजे बारकीची सख्खी मावशी. सगळं रुग्णालय तिला ‘मोठ्या सिस्टर’ म्हणे आणि तिच्यापुढे डॉक्टरही आवाज जपून लावत. बारकीचे वडील गेल्यावर तिच्या आईला, भावाला, पुढे वहिनीला याच मावशीने आधार दिला होता. बारकीला या शिक्षणाला तिनेच घातलं. घरात तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

वापरलेल्या सुया कापायचं यंत्र कधीचं बंद पडलं होतं. ते दुरुस्त करण्याऐवजी मोठ्या सिस्टरने दंडक घातला होता, की सुईला पुन्हा टोपण लावून मगच ती ट्रेमध्ये ठेवायची. उघडी सुई दिसली की सगळ्यांदेखत खरडपट्टी. त्या दिवशी कोपऱ्यातल्या पलंगावरच्या रुग्णाचं रक्त काढून बारकी टोपण लावत होती. शेजारच्या म्हाताऱ्याने पाण्यासाठी तिची बाही ओढली आणि सुई हातमोज्यातून थेट अंगठ्यात गेली.

कोपऱ्यातल्या त्या रुग्णाला हिपॅटायटिस बी होता. बारकीने अंगठा साबणाने धुतला आणि तडक मावशीच्या टेबलाशी गेली.

“मावशी, सुई टोचली. कोपऱ्यातल्या पेशंटची.”

मावशीने मान वर केली, आधी दाराकडे बघितलं. “हळू बोल. कोणी पाहिलं?”

“नाही. पण लगेच उपचार घ्यायला हवेत ना? पुस्तकात तर—”

“पुस्तकं लिहिणाऱ्यांनी वॉर्ड पाहिलेला नसतो. तुला पहिल्या वर्षी लस दिली होती की नाही?”

“एकच डोस झालाय. पुढचे दोन झालेच नाहीत.”

मावशी खुर्चीतून उठली. तिने बारकीच्या पाठीवरून हात फिरवला. “एक पुरतो ग. मी इतकी वर्षं काय गवत उपटलं इथे? उगाच बोभाटा केलास तर तुझं वर्ष जाईल आणि माझी मान खाली जाईल. जा, चहा पिऊन ये.”

बारकी गेली. ज्या माणसाने आपल्याला हाताला धरून इथवर आणलं, ते आपल्याशी खोटं बोलेल असं कुणाच्या मनात येतं? त्याच इमारतीत, दोन मजले खाली, सुई टोचल्यावर लगेच द्यायचं इंजेक्शन फ्रीजमध्ये होतं. मावशीला ते ठाऊक होतं. वॉर्डातल्या एका डॉक्टरला अशीच सुई टोचली, तेव्हा तिने स्वतः उभं राहून त्याला ते द्यायला लावलं होतं.

दोन-अडीच महिने उलटले. बारकीला अन्नाचा वास नकोसा झाला. जिना चढताना ती मधेच बसू लागली. परीक्षेची धास्ती घेतली असेल म्हणून भाऊ चिडवायचा, “आमच्या सिस्टरलाच आता सलाइन लावा.” एका सकाळी खिडकीशी तिची वेणी घालताना आईने तिचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि कंगवा खाली ठेवला. डोळे पिवळे झाले होते.

मावशीला न विचारता आई तिला बाहेरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तपासणीचा निकाल आला तेव्हा डॉक्टर बारकीकडे बघून म्हणाले, “तुम्ही तर नर्सिंगला आहात. हिपॅटायटिस बीची लस घेतली नाहीत?”

“एकच डोस मिळाला,” बारकी म्हणाली. “पुढचे दोन्ही डोस ठेवले होते, पण वेळ नेमकी आमच्या सकाळच्या पाळीची. वॉर्डातून सोडलं नाही.”

“असं कसं होईल?” आई मधेच बोलली. “आमच्या घरात सगळ्यांचे तिन्ही डोस झालेत. मी, मुलगा, सूनबाई. माझी बहीण घरी येऊन द्यायची. थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची. म्हणायची, मुलींसाठी बाटली फोडली, पण मुली आल्याच नाहीत. उरलेली वाया जाण्यापेक्षा घरच्यांना देते. बारकीला कॉलेजातच मिळते म्हणायची.”

ती बोलता बोलता थांबली. बारकी तिच्याकडेच बघत होती.

मुलींना वॉर्डातून कोण सोडत नव्हतं? मोठ्या सिस्टर. डोसची वेळ कोण ठरवत होतं? त्याही मोठ्या सिस्टरच. आणि त्या एकट्या नव्हत्या. वरच्या हुद्द्यावरचे सगळेच वर्षानुवर्षं असंच करत आले होते. शिकाऊ मुलींच्या वाट्याची लस आधी मुद्दाम उरवायची, मग उरली म्हणून घरी न्यायची. त्याला चोरी म्हणत नसत. सवड काढून घरच्यांची काळजी घेणं म्हणत. मुली काय, दरवर्षी नव्या येतात.

प्राचार्यांच्या खोलीत बारकी आईच्या आधाराने उभी राहिली आणि तिने घडलेलं सांगितलं. मावशी समोरच्या खुर्चीत बसली होती. कडक इस्त्रीची साडी, खांद्यावर पिन.

“मॅडम, मुलगी आजारी आहे, म्हणून मी वाईट वाटून घेत नाही,” मावशी शांतपणे म्हणाली. “पण खरं सांगायचं तर हिनेच डोस चुकवले. लहानपणापासून सुईला घाबरते. आणि सुई टोचल्याचं तर मला आज कळतंय.”

बारकीच्या कानशिलात जणू कोणी भडकावली. प्राचार्या म्हणाल्या, “साक्षीदार कोणी आहे का? नाहीतर मोठ्या सिस्टरांसारख्या बाईवर असा आरोप...”

“आहे,” आई म्हणाली. सगळा जन्म बहिणीच्या पुढे मान डोलावण्यात गेलेली ती बाई दोन पावलं पुढे आली आणि तिने पोलक्याची बाही वर केली. “इथे टोचली. माझ्या स्वयंपाकघरात, हिने स्वतःच्या हाताने. हवं तर माझं रक्त तपासा. माझ्या मुलाचं, सुनेचं तपासा. आमच्या अंगात लस सापडेल. या पोरीच्या अंगात नाही.”

“ताई, गप्प बस,” मावशी म्हणाली. “तुमच्यासाठीच केलं ना मी?”

“म्हणूनच मला सांगायला हवं.”

त्यानंतर पुष्कळ काही झालं. चौकशी बसली, मोठ्या सिस्टर घरी बसल्या, आणि तिन्ही डोस पूर्ण झाल्याशिवाय वॉर्डात पाऊल टाकणार नाही असं बारकीच्या वर्गातल्या मुलींनी ठणकावून सांगितलं. त्यांना लस मिळाली. बारकीचं दुखणं मात्र हटलं नाही. सहा महिने झाले तरी विषाणू तिच्या रक्तातून गेला नव्हता. आता तो जन्मभर सोबत राहण्याचीच शक्यता जास्त, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

एका दुपारी मावशी घरी आली. आईने दार उघडलं, पण बस म्हटलं नाही. मावशी बारकीच्या पलंगाशी उभी राहिली. केस विस्कटलेले, हातात फळांची पिशवी.

“बारके, लस नेली ते चुकलंच माझं,” ती म्हणाली. “सगळेच न्यायचे ग. मला वाटलं, तुझं काय, आज ना उद्या होऊन जाईल. माफ कर मला.”

बारकी उशीला टेकून बसली. तिला रडू येत नव्हतं, याचंच तिला नवल वाटत होतं.

“लस नेलीस ते मी माफ करीन मावशी,” ती म्हणाली. “आई, दादा, वहिनी सुखरूप आहेत, त्याचा राग कसा करू? पण सुई टोचली तेव्हा मी आधी तुझ्याकडे आले होते. तेव्हा अजून वेळ होता. मी तुला विचारलं होतं. आणि तू मला चहा प्यायला पाठवलंस.”