अंगठ्याची माया

स्टॉपवॉचचं पिवळं बटण मधोमध झिजलं होतं, आणि त्या खळग्यात अंगठा असा चपखल बसत होता, की जणू ती जागा त्याच्याच नावानं राखून ठेवलेली... क्रिस्टानं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. बाळंतिणींच्या वॉर्डातल्या चादरींच्या खोलीच्या खिडकीतून सरोवर दिसत होतं, वरचा बर्फ नुकताच फुटलेला, करड्या पाण्यावर बर्फाचे तुकडे एकमेकांना ढुशा देत चाललेले. आणि दाराला टेकून गॉर्डी अजून उभाच होता.

"ऐकून ऐकून कान किटले माझे," तो म्हणाला. "परवा घरी मांजर ओरडलं तर मी घड्याळ बघितलं. बायको म्हणते, तुला काय झालंय?"

"काय झालंय मग?"

"मला काय विचारतेस? तूच म्हणालीस ना, तुला काही कळत नाही म्हणूनच तुला घेतलंय."

खरंच तसं म्हटलं होतं तिनं. गॉर्डी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातला, त्याला ना बाळं कळत ना त्यांच्या टाचा. तिचा प्रश्न तसा एवढासाच होता—नव्या बाळाच्या टाचेला टोचून नर्स तपासणीसाठी रक्ताचे थेंब घेतात, प्रत्येकच बाळाचे घ्यावे लागतात, त्याआधी ती टाच गरम फडक्यात धरली तर बाळ लवकर शांत होतं का? कुणाची टाच गरम करायची ते चिठ्ठ्या टाकून ठरे. रडणं किती वेळ चाललं ते ती पलंगाशी उभी राहून स्वतः मोजायची. पण विद्यापीठातल्या मार्गदर्शक बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या होत्या, 'तुझ्यासारखंच दुसऱ्या कुणालातरी मोजू दे. आणि कुठलं बाळ कुठलं, ते त्याला कळू देऊ नकोस.' म्हणून मग बाळांच्या आयांना विचारून नुसता आवाज मुद्रित केला, आणि तो गॉर्डीच्या कानात ओतला.

गॉर्डी गेला. दोघांचे आकडे तिनं शेजारी शेजारी मांडले. साध्या टाचांचे जुळत होते, अगदी बहिणी-बहिणींसारखे. आणि गरम टाचांचे... गरम टाचांचे तिचे आकडे लहान होते. एखादा नाही, जवळजवळ सगळेच. गॉर्डीच्या हिशेबानं फडक्यानं काहीच फरक पडत नव्हता. तिच्या हिशेबानं फडकं म्हणजे जादू होती.

म्हणजे तिनं—नाही, अंगठ्यानं—गरम टाचेचं बाळ रडताना जरा श्वास घ्यायला थांबलं, की झालं, थांबलं रडं, म्हणून बटण दाबलं होतं; आणि साध्या टाचेचं बाळ तसंच थांबलं तर वाट पाहिली होती, छे, अजून रडेल हे... मी असं केलं? मी? जी बाकीच्या नर्सना औषधाचं नाव दोनदा वाचायला लावते?

दोन बाळं तिनं पुन्हा ऐकली. एक गरम, एक साधं. दोन्ही वेळा छातीत तीच ओळखीची कळ उठली, दूध दाटून आलं—तिचा ओन्नी दीड वर्षाचा झाला तरी रात्रीचं सोडत नव्हता, आणि अंग अजून कुणाच्याही रडण्याला ओ देत होतं, चिठ्ठी न बघता. सगळ्या शरीरात एक अंगठाच तेवढा लबाड निघाला होता.

आणि ओन्नी... तिथूनच तर आलं होतं सगळं. तो दोन दिवसांचा असताना वॉर्डातल्या सगळ्यांत जुन्या नर्स हेल्वीबाई वाफाळतं फडकं पिळत आल्या होत्या, त्याचं पाऊल त्यांच्या मुठीत पार दिसेनासं झालं होतं, आणि तो रडलाच नाही, नुसतं तोंड वाकडं करून विसरून गेला. एक बाळ. त्या एका बाळावर तिनं हा सगळा डोलारा उभा केला होता! या आठवड्यात हेल्वीबाई निवृत्त होणार, आणि वॉर्डाच्या लिखित नियमांत त्यांचं गरम फडकं कायमचं जावं, हा तिचा निरोपाचा आहेर होता. दुपारी वॉर्डाच्या सभेत सगळ्यांसमोर तो द्यायचा होता. आता काय द्यायचं त्यांच्या हातात? तुमचं आयुष्यभराचं फडकं काही कामाचं नाही म्हणून?

जेवणाच्या सुट्टीत हेल्वीबाई एकट्याच बसल्या होत्या, समोर गुलाबी साखरेचा थर दिलेला पर्शियन—गावचा लाडका गोड पाव—आणि बोटं सगळी गुलाबी. क्रिस्टानं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बसले तर धीर जाईल असं वाटलं.

हेल्वीबाईंनी पाव खाली ठेवला.

"म्हणजे मी इतकी वर्षं उगाच फडकी पिळली?"

"तसं नाही... म्हणजे, तसंच दिसतंय."

"आणि तुझा अंगठा माझ्या बाजूनं खोटं बोलला?"

"हो."

त्यांच्या खांद्यांना आधी हिसके बसले, मग त्या हसतायत हे कळलं. हसता हसता साखर नाकाला लागली. "अगं पोरी, आमच्या आईकडे कशावरही औषध एकच. ताप आला, सौनात जा, वाफ घे. नवरा भांडला, सौनात जा. गरम म्हणजे चांगलं, आम्हाला दुसरं शिकवलंय कुणी!" मग त्यांनी डोळे पुसले. "पण खरं सांगू? पहिल्या बाळाला टोचायचं होतं ना, तेव्हा माझे हात असे गार पडले होते, की सुई धरवेना. पाणी गरम केलं ते माझ्या हातांसाठी. फडकं मागाहून आलं."

"तुमच्या हातांसाठी?"

"तर काय! मोठ्या नर्ससमोर कबूल कसं करणार, भीती वाटते म्हणून? म्हटलं, बाळासाठी करतेय."

क्रिस्टा खाली बसली. हात... पाऊल मुठीत धरून ठेवायचा तो वेळ, तो कुणाला लागत होता, बाळाला की नर्सला—आणि न घाबरलेल्या नर्सचा हात काही वेगळं टोचतो का, ते मोजता येईल? कशानं? आणि मोजणाऱ्याला कळू न देता... तिच्या डोक्यात एकदम खिडक्या उघडल्यासारखं झालं.

"बघ, बघ, लागली हिशेबाला," हेल्वीबाई म्हणाल्या. "दुपारी सगळं सांग. अंगठ्याचंही सांग. लपवलंस तर मी उभी राहून सांगेन, आणि मी तिखटमीठ लावून सांगते, ठाऊक आहे ना?"

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतंय ना. हा अर्धा खा, म्हणजे कमी वाटेल."

सभेआधी टोचायचं एकच बाळ राहिलं होतं. टॅनिस नावाची आई, मुलगी तिच्या उघड्या छातीवर पालथी, पाजायच्या खटाटोपात दोघीही घामाघूम. क्रिस्टानं इवलंसं पाऊल हातात घेतलं.

"माझ्या थोरल्याच्या वेळी पाय गरम करून टोचलं होतं," टॅनिस म्हणाली. "तसं बरं असतं का?"

काल विचारलं असतं तर 'हो' केव्हाच तोंडातून गेलं असतं, ठाम आवाजात. क्रिस्टानं तोंड उघडलं आणि आत चाचपून पाहिलं, तिथं हो नव्हतं, नाहीही नव्हतं.

"मला वाटायचं, हो," ती म्हणाली. "आता तसं दिसत नाहीये. तू छातीशी धरलंयस, त्यानं बरं वाटतं, एवढं मात्र पुष्कळांनी मोजलंय. बाकीचं अजून शोधतेय."

टॅनिस खुदकन हसली. "बाई गं, बरं झालं. इथं आल्यापासून ज्याला त्याला सगळं माहीत आहे."

क्रिस्टालाही हसू आलं. दुपारी काय होईल, कोण काय म्हणेल, हेल्वीबाई घरी जाऊन रडतील का—हे सगळं बाहेर तसंच उभं होतं, पण लांब, आत यायच्या परवानगीची वाट बघत. तिनं टोचलं. पोरीचा चेहरा आक्रसला, तिनं मोठा श्वास आत घेतला... आणि त्या क्षणात क्रिस्टाच्या लक्षात आलं, की या बाळानं लवकर थांबावं असंही तिला वाटत नव्हतं, उशिरा थांबावं असंही नाही. अमुकच व्हावं असं काही नव्हतंच तिच्या मनात. फक्त ऐकायचं होतं. किती हलकं होतं हे, किती मोकळं... ती वाकली आणि कान देऊन थांबली.