सातवा बुरुज कुणी पाडला

चिमी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, वरचा जबडा खालच्यावर नीट मिटतोय का ते बघायचं, असं डोळे फोडणारं काम. एकदा जेवणाच्या सुट्टीत पॉलिशच्या टेबलावरची मैत्रीण मोबाइल घेऊन आली आणि विचारू लागली, हा तुझा दादाच ना गं?

दादाच होता. मागे काचेचं कपाट, त्यात त्यांच्या घरी एकामागून एक आलेली व्हिडिओ गेमची सगळी मशीनं मांडलेली, प्रत्येकावर वेगळा दिवा सोडलेला. दादाचं पोट सुटलं होतं, पण फुशारकी मारताना भुवया उडवायची सवय तशीच होती. त्याने अलीकडे आपल्या लहानपणावर असे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली होती आणि लोक ते आवडीने बघत होते. या व्हिडिओत तो दुसऱ्या मशीनची गोष्ट सांगत होता.

"आमच्या अख्ख्या वस्तीत सातवा बुरुज पाडणारा पहिला मी," दादा सांगत होता. "धाकटी शेजारी बसून टाळ्या वाजवायची."

चिमीने मोबाइल परत दिला आणि डबा न संपवताच बंद केला. मैत्रिणीने काय झालं विचारलं, तर काही नाही म्हणाली. दुपारी तिने एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या कवळीत सुळे उलटसुलट बसवले, ते काढून पुन्हा बसवले, आणि तेव्हाही तिच्या कानात टाळ्याच वाजत होत्या.

पहिलं मशीन आलं तेव्हा चिमी नुकती शाळेत जायला लागली होती. बाबा छापखान्यात मशीन चालवत. तिथल्या एका सोबत्याची मुलं मोठी झाली, म्हणून त्याचं जुनं मशीन बाबांनी घरी आणलं. त्यात कॅसेट घालायची. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची, आणि फुंकर मारण्याचा मान दादाचा. खेळण्याचाही त्याचाच. तो पाणी प्यायला उठला की परत येईपर्यंत चिमीने खेळायचं, असा कायदा त्यानेच केला होता आणि आईबाबांनी तो मुकाट मंजूर केला होता. दादाला तहान फारशी लागायची नाही. चिमी बघूनबघूनच शिकली. कुठला शत्रू कुठून उडी मारतो, कुठल्या भिंतीला धक्का दिला की वाट उघडते, सगळं तिला तोंडपाठ होतं. फक्त हात मोकळे नव्हते.

दुसरं मशीन डिस्कचं. ते दादाच्या वाढदिवसाला आलं, पण आणताना बाबा दोघांचं म्हणाले होते. बुरुजांचा खेळ त्यावरचा. सात बुरुज, प्रत्येकावर एक रखवालदार. त्याला हरवलं की बुरुज कोसळायचा. खेळ सुरू करताना तो नाव विचारायचा. दादाने आपलं नाव टाकलं. दोन वेगळे खेळ ठेवण्याइतकी मेमरी कार्डावर जागा नव्हती, म्हणून चिमी खेळली तरी नाव दादाचंच. पाच बुरुज दादाने पाडले, यात वाद नाही. सहाव्यावर तो अडकला, आणि अडकला की रिमोट आपटायचा. एकदा आपटला तो थेट चिमीच्या पायावर.

मग चिमीला कांजिण्या झाल्या. दादाला लागण नको म्हणून त्याची रवानगी मावशीकडे झाली. दवाखान्यात नर्स असलेल्या आईने रजा काढली. चिमी अंगाला औषध फासून टीव्हीसमोर बसायची. खाजवायचं नाही असं आईने बजावलेलं, त्यामुळे रिमोट हातात असलेला बराच होता. सहावा बुरुज तिने सहज पाडला. सातव्याच्या रखवालदाराने मात्र तिला रडकुंडीला आणलं. त्याच्याकडे दोन ढाली होत्या. एक फोडली की दुसरी पुढे यायची, आणि दुसरी फोडेपर्यंत पहिली भरून निघायची. चिमी हरत राहिली. शेवटी तिच्या लक्षात आलं की ढालींच्या वाटेला जायचंच नाही, त्याला बुरुजाच्या काठापर्यंत मागे रेटायचं. तो पडला, बुरुज कोसळला, पडद्यावर पहाट झाली आणि दादाचं नाव सोनेरी अक्षरांत झळकलं.

दादा परत आला. मशीन लावलं, सोनेरी अक्षरं पाहिली आणि मित्रांना बोलावून आणलं. मित्रांनी त्याला खांद्यावर घेतलं. चिमी दारात उभी राहून ओरडून म्हणाली की हा बुरुज मी पाडला. सगळे हसले. एकाने तिला अंगावरच्या खपल्यांवरून चिडवलं. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, असू दे गं, मोठा आहे तो. स्वयंपाकघरात आई भांडी घासत होती. नळ चालू होता, तिला ऐकू गेलं नसेल, अशी चिमीने स्वतःची समजूत घातली.

तिसरं मशीन नेटचं होतं. घरबसल्या परक्या लोकांशी खेळता यायचं. ते आलं तेच दादाच्या खोलीत आणि खोलीला आतून कडी. तोवर चिमीही अभ्यासाला लागली होती. चौथं दादाने नोकरी लागल्यावर स्वतःच्या फ्लॅटसाठी घेतलं. पुढे जुनी तिन्ही तिथे गेली, मागोमाग आईबाबाही तिथेच राहायला गेले. चिमीला कुणी विचारलं नाही. तिनेही मागितलं नाही. एवढ्याशा गोष्टीवरून कशाला भांडायचं, असं तिला वाटायचं. आता तेच वाटणं आठवून तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

रविवारी सकाळी ती दादाकडे गेली. वहिनीने दार उघडलं, चेहरा बघितला आणि चहा टाकायला आत निघून गेली. बाबा फिरायला गेले होते. आई सोफ्यावर कपड्यांच्या घड्या घालत होती. दादा कपाटाची काच पुसत होता.

चिमीने बसायच्या आधीच विषय काढला. दादाला आधी कळेना ती कशाबद्दल बोलतेय. कळल्यावर तो हसला. गोष्ट थोडी रंगवून सांगावी लागते, म्हणाला, आणि इतक्या वर्षांपूर्वीचं कुणाला नीट आठवतंय? त्याला तर स्वतःच पाडल्याचं आठवत होतं. सहावा नक्की, सातवाही बहुतेक.

"मी टाळ्या कधी वाजवल्या?" चिमीने विचारलं.

"अगं, बोलायची पद्धत असते. लोकांना काय फरक पडतो?"

"मला पडतो."

दादाने कपाट उघडून दुसरं मशीन काढलं, टीव्हीला जोडलं आणि रिमोट तिच्यापुढे धरला. एवढं आहे तर खेळून दाखव, म्हणाला. चिमीने रिमोट घेतला, तिथेच चुकलं. तिची बोटं मेणाला आणि चिमट्याला सरावलेली. त्या बटणांना तिने कित्येक वर्षांत हात लावला नव्हता. दुसऱ्याच बुरुजावर ती मेली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा मेली. दादाने फक्त भुवया उडवल्या. चिमीला रिमोट त्याच्या कपाटावर भिरकावावासा वाटला. आपण हरतोय याचा राग निराळा, आणि हरलो म्हणजे हा खरा ठरला असं याला वाटतंय याचा त्याहून मोठा. तिचे कान तापले. डोळ्यांत पाणी आलं तेही रागाचंच होतं, पण दादा त्याचा अर्थ वेगळा लावणार हेही तिला ठाऊक होतं.

"तिनेच पाडला होता," आई म्हणाली.

दोघांनी वळून बघितलं. आईच्या हातात टॉवेलची अर्धवट घडी होती.

"कांजिण्यांत. मी मागेच बसले होते. त्याला ढकलत ढकलत नेलं हिने, आणि पडल्यावर मला मिठी मारली. माझ्या साडीला सगळं औषध लागलं."

चिमीला मिठी आठवत नव्हती. दादाचा चेहरा उतरला होता. खरं तर तिला बरं वाटायला हवं होतं, पण तिला नळाचा आवाज आठवला.

"मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

आईने घडी पुरी केली. त्याचे मित्र आले होते, ती म्हणाली, त्यांच्यासमोर पोराला खोटं पाडायचं का? तुला काय, तू दोन दिवसांत विसरशील असं वाटलं. मुलीला तसल्या गोष्टीचं काय करायचंय, असंही वाटलं असेल.

"मी ओरडून सांगत होते, आई."

"ऐकलं मी."

दादा मध्येच म्हणाला की आता आईवर कशाला घसरतेस. चिमीने त्याला गप्प बस म्हणून सांगितलं, आणि तो खरंच गप्प बसला. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती. चिमी तिला म्हणाली, वहिनी, तुझ्यावर राग नाही माझा. आणि चहा न घेता निघून आली.

दादाने आधी व्हिडिओच काढून टाकला आणि आता झालं का समाधान, असा निरोप पाठवला. चिमीने कळवलं की काढ म्हटलं नव्हतं, खरं सांग म्हटलं होतं. मग त्याने नवा व्हिडिओ टाकला, त्यात म्हणाला की सातव्या बुरुजाला बहिणीने मदत केली होती. चिमीने फोन लावला आणि 'मदत' या शब्दावरून त्याला असं काही फैलावर घेतलं की लॅबमधली सगळी पॉलिशची चाकं थांबली. फोन ठेवल्यावर मैत्रिणीने तिला पाण्याची बाटली दिली.

पुढच्या आठवड्यात दादाने तिसरा टाकला, अगदी छोटा. कॅमेऱ्याकडे न बघता तो म्हणाला, "सातवा बुरुज माझ्या बहिणीने पाडला. मी घरात नव्हतो. नाव माझं होतं, खेळ तिचा." खाली लोकांनी त्याची टर उडवली होती. थोड्यांनी चिमीची तारीफही केली होती. चिमीने तो एकदाच बघितला. राग निवेल असं तिला वाटलं होतं. दादावरचा थोडा निवलाही, कारण ते वाक्य बोलताना त्याला जड गेलेलं तिला दिसलं. उरलेला तसाच धुमसत होता, आणि तो दादावरचा नव्हताच.

संध्याकाळी आईचा फोन आला. पाहिलास का, असं तिने विचारलं. चिमीने हो म्हटलं.

"मग झालं ना आता? सोड ते."

"तू नाही बोललीस अजून."

"बोलले की त्या दिवशी. त्याच्यासमोर बोलले."

"मी दारात उभी होते आणि तू नळ बंद केला नाहीस, त्याबद्दल बोल."

आईने रविवारी जेवायला येशील का विचारलं. चिमी येते म्हणाली. पण काही झालंच नाही असा चेहरा करून बसणार नाही, हेही तिने सांगून टाकलं. नको बसूस, आई म्हणाली, आणि फोन ठेवला.