कात्रीने कापलेल्या गोळ्या

बोट बंद झाली की बेटावर गोळ्या फिरायला लागत. वारा उठला आणि पलीकडची बोट आठवडाभर आली नाही, तर दवाखान्यातलं कपाट रिकामं व्हायचं. मग ज्याच्या घरी औषध उरलं असेल त्याने शेजारच्याला द्यायचं आणि शेजारच्याने बोट आली की परत करायचं. साखर-चहापत्तीची उसनवारी चालते तशीच ही. पाकीट कात्रीने कापायचं, अर्धं तुला, अर्धं मला. औषधाचं नाव ज्याच्या तुकड्यावर गेलं त्याच्याकडे गेलं. डॉक्टरबाई यावर फार कावायच्या. दुसऱ्याची गोळी घ्यायच्या आधी मला दाखवा, असं त्यांनी धक्क्यावर सगळ्यांना गोळा करून बजावलं होतं. सगळ्यांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या आणि घरी जाऊन करायचं तेच केलं.

शिंपीणबाईनेही तेच केलं. तिचा नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, अख्खं बेट त्याला मिस्त्री म्हणायचं. त्याच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपल्या, तशी शेजारची पोस्टमनची बायको मदतीला धावली. तिच्या सासूची सगळी औषधं एका बिस्किटाच्या डब्यात असायची, ब्लडप्रेशरचीही आणि मधुमेहाचीही. तिने त्यातून कापलेला एक तुकडा काढून दिला. बारीक, पांढऱ्या, गोल गोळ्या. मिस्त्रीच्या गोळ्याही पांढऱ्याच होत्या की!

सकाळी चहाबरोबर त्याने एक घेतली. खायला काही नको म्हणाला, इंजिन उघडून ठेवलंय म्हणत कामाला गेला आणि उन्हं चढायच्या आत परत आला. अंगातला शर्ट पिळून काढावा इतका घाम. हात थरथरत होते. शिंपीणबाईने मशीन थांबवलं. विचारलं तर तो भलतंच काहीतरी बोलायला लागला, पाना कुठे ठेवलास म्हणून तिलाच दरडावू लागला. तिचे वडील असेच गेले होते, डोक्यात रक्त चढून. ब्लडप्रेशर वाढलंय, दुसरं काय! तिने घाईघाईने आणखी एक गोळी काढली, त्याच्या तोंडात घातली आणि पाण्याचा घोट पाजला. त्याने ती मुकाट गिळली.

थोड्या वेळाने तो बाजेवर आडवा झाला तो हाकेला ओ देईना.

डॉक्टरबाई धावत आल्या. ब्लडप्रेशर पाहिलं, ते ठीकच होतं. मग बोटाला टोचून रक्तातली साखर पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. साखर पार तळाला गेली होती. त्यांनी भराभर शीर शोधली, ग्लुकोजची बाटली लावली. शिंपीणबाई भिंतीला टेकून उभी होती. बाटली अर्धी व्हायच्या आत मिस्त्रीने डोळे उघडले आणि दारात गर्दी का झालीय म्हणून विचारलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरबाईंनी विचारलं, सकाळपासून काय खाल्लं? काही नाही. कुठली गोळी घेतली?

"त्यांची नेहमीचीच," शिंपीणबाई म्हणाली.

थाप तोंडातून निसटून गेली आणि मग ती परत घेता येईना. दारात सगळी आळी उभी होती. या बेटावर एकदा नाव पडलं की पडलं. धक्क्यावरून पाय घसरलेला एक माणूस म्हातारा झाला तरी बुडक्याच राहिला. आपल्याला काय म्हणतील, नवऱ्याला विष घालणारी? आणि पोस्टमनच्या बायकोचं काय? ती दारातच होती, पदराचं टोक दातात धरून. तिनेही डब्याचं नाव काढलं नाही.

उपाशीपोटी राबल्यामुळे झालं असेल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या, पण ते त्यांना स्वतःलाच पटलेलं दिसलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. शिंपीणबाईने पुन्हा तेच सांगितलं. मिस्त्रीला भात भरवला. तो खुशीत आला. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागला, की बायकोने वेळेवर गोळी घातली म्हणून आज तुम्हाला दिसतोय, नाहीतर गेलो होतो. लोक शिंपीणबाईचं कौतुक करत होते. तिला ते ऐकवेना, चुलीपाशी जाऊन उगाच भांडी हलवत बसली.

डॉक्टरबाईंनी बॅग आवरली. दवाखान्यात माणसं खोळंबली होती. त्या चपला घालत होत्या, तेवढ्यात मिस्त्रीच्या कपाळावर पुन्हा घाम फुटला. त्याने बायकोपुढे हात पसरला.

"अगं, परत तसंच होतंय. ती मघाची गोळी दे ना. तिनेच उतार पडला होता."

शिंपीणबाई त्या पसरलेल्या हाताकडे बघत राहिली. मग तिला रडू कोसळलं. ब्लाउजमध्ये खोचलेला पाकिटाचा तुकडा काढून तिने डॉक्टरबाईंच्या हातावर ठेवला.

"बाई, ही दिली मी. दोनदा दिली. ही त्यांची नाही."

दारातली कुजबुज थांबली. डॉक्टरबाईंनी तुकडा उजेडात धरला. नावाची नुसती शेवटची अक्षरं उरली होती, पण त्यांना तेवढी पुरली. मधुमेहाची गोळी. ज्याला मधुमेह नाही त्याची साखर ती खाली ओढते, आणि एकदा वर आणली तरी पुन्हा पुन्हा ओढत राहते. त्या निघून गेल्या असत्या तर मिस्त्री दुपारी झोपलाय असंच सगळ्यांना वाटलं असतं. हे त्या ओरडून बोलल्या नाहीत, अगदी हळू बोलल्या आणि त्यामुळे जास्त भीती वाटली. ग्लुकोजच्या दोनच बाटल्या शिल्लक आहेत, बोट नाही, उद्यापर्यंत याला डोळ्यांआड करायचं नाही, असं सांगून त्यांनी चपला काढल्या आणि बाजेशेजारी बसल्या. गोळी आपल्या सासूच्या डब्यातली, असं पोस्टमनच्या बायकोने कबूल केलं, तेव्हा तिला तो डबा घेऊन यायला पिटाळलं.

दुसरी बाटली चढली. मिस्त्री शुद्धीवर होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो आढ्याकडे बघत पडून राहिला. रागावला असता, चार शिव्या हासडल्या असत्या, तर शिंपीणबाईला बरं वाटलं असतं. ती दोनदा म्हणाली, माझं चुकलं हो. त्याने हं केलं.

बाटली पुरवायची म्हणून डॉक्टरबाईंनी मधेमधे साखरपाणी पाजायला सांगितलं. शिंपीणबाईने पेल्यात साखर ढवळली, चमचा भरला, त्याच्या डोक्याखाली हात घालून ते उचललं आणि चमचा ओठांपाशी नेला.

मिस्त्रीने ओठ मिटून घेतले. चमच्यातल्या पाण्याकडे पाहिलं. मग मान वळवून डॉक्टरबाईंकडे पाहिलं.

डॉक्टरबाईंनी मान डोलावली. तेव्हा त्याने तोंड उघडलं.